हवामान पूर्वीही बदलायचं, मग आता दोष आपल्यालाच का?

"हवामान काय आजच बदलतंय का? पृथ्वी जन्मल्यापासून बदलतंय." तापमानवाढीची चर्चा निघाली की कुणी ना कुणी हे म्हणतंच. म्हणणारा अडाणी असतो असं मुळीच नाही. मुद्दा खराच आहे, आणि त्याचा भरभक्कम पुरावा पाहायला महाराष्ट्राबाहेर जायचीही गरज नाही.

घाटात रस्ता रुंद करायला डोंगर कापलेला असतो, तिथे कधी गाडी बाजूला घेऊन बघा. काळ्या कातळाचे थर एकावर एक बसलेले दिसतात. काही ठिकाणी दोन थरांच्या मधे विटकरी लाल पट्टा असतो, कुठे वीतभर, कुठे पुरुषभर उंचीचा. काळा थर म्हणजे लाव्हाचा एक लोंढा. लाल पट्टा म्हणजे तो लोंढा थिजल्यावर, पुढचा येईपर्यंतच्या काळात ऊन-पावसानं त्याच्या माथ्याची झालेली माती. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी हे लोंढे पुन्हा पुन्हा येत राहिले आणि त्यातून दख्खनचं पठार उभं राहिलं. आजही जवळपास ५ लाख चौरस किलोमीटरवर हा खडक पसरलेला आहे. अजिंठा-वेरूळ याच्याच पोटात कोरलंय. एवढा लाव्हा बाहेर पडताना त्याबरोबर गंधकाचे वायू आणि कार्बन डायऑक्साइड प्रचंड प्रमाणात हवेत गेले. गंधकानं मधूनमधून थंडावा आणला, कार्बन डायऑक्साइडनं दीर्घकाळ ऊब वाढवली. माणूस तेव्हा नव्हताच.

तर निसर्ग एकटा हवामान उलटंपालटं करू शकतो का? करू शकतो, अनेकदा केलंय. गंमत अशी की हे आपल्याला सांगितलं भूशास्त्रज्ञांनी आणि हवामानशास्त्रज्ञांनीच. त्यांच्याच संशोधनातलं वाक्य उचलून त्यांनाच ऐकवलं जातं, जणू त्यांच्या ते ध्यानातच आलं नव्हतं.

अडचण त्यापुढच्या उडीत आहे. पूर्वी निसर्गामुळे झालं, तेव्हा आताही निसर्गामुळेच, हे सिद्ध करावं लागतं. नियम उलट बाजूलाही तोच. आज कारखाने आहेत, गाड्या आहेत, तेव्हा माणूसच जबाबदार, असं नुसतं म्हणून भागत नाही. प्रत्येक कारण वेगळं काढून, त्याला मोजून, त्यानं काय व्हायला हवं आणि प्रत्यक्षात काय झालं हे ताडून पाहावं लागतं. हे काम गेली ५०-६० वर्षं झालंय, आणि ते वाटतं त्यापेक्षा जास्त रंजक आहे.

आधी हिशेब कशाचा, ते ठरवू

पृथ्वीची ऊब ठरवणाऱ्या गोष्टी पाहू गेलं तर तीनच. सूर्याकडून किती ऊर्जा येते, ही पहिली. त्यातली किती ऊर्जा ढग, बर्फ आणि हवेतले कण परस्पर माघारी पाठवतात, ही दुसरी. उरलेली ऊर्जा जमीन आणि समुद्र तापवते आणि मग डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त, म्हणजे उष्णतेच्या किरणांच्या रूपात अवकाशात परत निघते. ती वाटेत किती अडते, ही तिसरी. तापमानवाढीचं कुठलंही कारण सांगा, ते या तिन्हींपैकी एकात बसतं. प्रशांत महासागरातल्या एल निनोसारखे समुद्री चढउतार उष्णता इकडची तिकडे करतात, एखादं वर्ष गरम किंवा गार करतात. पण एकूण साठ्यात दशकानुदशकं भर घालत नाहीत.

हवेत ऊर्जा अडवणारे वायू नसते, तर पृथ्वीचं सरासरी तापमान उणे १८ अंशांच्या आसपास राहिलं असतं. प्रत्यक्षात ते साधारण १५ अंश आहे. म्हणजे हरितगृह परिणाम ही मुळात निसर्गाचीच देणगी. तो वाईट नाही, त्याच्याशिवाय आपण नसतो. हवेत ९९ टक्के नायट्रोजन आणि ऑक्सिजन असले तरी ते अवरक्त किरणांना जवळजवळ हातच लावत नाहीत. काम करतात ते पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, मिथेन असे थोडके वायू. "कार्बन डायऑक्साइड तर हवेत ०.०४ टक्केच, त्यानं काय होणार?" या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे.

हे ज्ञान कुठल्या आधुनिक चळवळीनं शोधलेलं नाही. १८५६ साली अमेरिकेत युनिस फूट या बाईंनी काचेच्या नळ्यांमध्ये वेगवेगळे वायू भरून उन्हात ठेवले आणि कार्बन डायऑक्साइडची नळी सर्वांत जास्त तापते, उशिरा निवते, हे नोंदवलं. १८५९ मध्ये जॉन टिंडल यांनी कोणता वायू किती उष्णता अडवतो ते यंत्रावर मोजायला सुरुवात केली. १८९६ साली स्वांटे अऱ्हेनियस यांनी हातानं आकडेमोड करून सांगितलं की हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी ५-६ अंशांनी तापेल. आजचा सर्वोत्तम अंदाज ३ अंशांचा आहे. कॅल्क्युलेटरसुद्धा नसताना माणूस एवढ्या जवळ पोचला, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

सूर्याची उलटतपासणी

सूर्यावर संशय घेणं अगदी स्वाभाविक. सगळी ऊब त्याचीच. १६४५ ते १७१५ या काळात सूर्यावरचे डाग (ते कमी म्हणजे सूर्य मंद) जवळपास नाहीसे झाले होते, आणि युरोपातले कडाक्याचे हिवाळे त्याच सुमाराचे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तापमान वाढलं त्यात सूर्याचा थोडा हात होता, हेही शास्त्रज्ञ मान्य करतात.

पण १९७८ पासून उपग्रह सूर्याची ऊर्जा वातावरणाच्या वर बसून थेट मोजताहेत. दर चौरस मीटरला सुमारे १३६१ वॅट येते. सूर्याच्या ११ वर्षांच्या चक्रात ती वरखाली होते ती केवळ ०.१ टक्क्यानं. चक्रं आली आणि गेली, पण एकूण कल वर चढलेला नाही. २००८ च्या अखेरीस सुरू झालेलं चक्र तर शंभरएक वर्षांतलं सर्वांत मंद ठरलं, आणि तेवढ्याच काळात तापमानाचे उच्चांक एकामागून एक मोडत गेले. कारण घसरणीला आणि परिणाम चढणीला, असं असेल तर त्या कारणाला सोडून द्यावं लागतं. भारताचं आदित्य एल-१ यान सप्टेंबर २०२३ मध्ये निघालं, त्यावरची सूर्याच्या अतिनील किरणांत प्रतिमा टिपणारी दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या नेतृत्वाखाली तयार झाली. सूर्याकडे दुर्लक्ष करून हवामानशास्त्र चालतं, असा कुणाचा समज असेल तर तो खरा नाही.

सूर्याच्या बाजूनं आलेला सर्वांत हुशार युक्तिवाद वेगळाच होता आणि त्यात एका मोठ्या भारतीय शास्त्रज्ञाचं नाव आहे. दूर अंतराळातून वैश्विक किरण सतत पृथ्वीवर येतात. ते हवेत विद्युतभारित कण तयार करतात, त्या कणांभोवती ढगांचे थेंब धरायला मदत होते, आणि खालचे ढग सूर्यप्रकाश माघारी पाठवून थंडावा देतात. सूर्य जोमात असला की त्याचं चुंबकीय क्षेत्र हे किरण थोपवतं, म्हणजे ढग कमी, म्हणजे ऊब जास्त. डेन्मार्कचे हेन्रिक स्वेन्समार्क यांनी १९९०च्या दशकात ही कल्पना पुढे आणली. २०११ मध्ये इस्रोचे माजी अध्यक्ष यू. आर. राव यांनी 'करंट सायन्स' या विज्ञान नियतकालिकात लेख लिहून म्हटलं की गेल्या दीडशे वर्षांत वैश्विक किरण घटलेत, तापमानवाढीतला बराच वाटा त्या घटीचा असू शकतो, आणि तेवढा कार्बन डायऑक्साइडचा वाटा कमी धरायला हवा. राव हे वैश्विक किरणांचेच अभ्यासक. तेव्हा हे मत कुणा हौशी माणसाचं नव्हतं, आणि ते झटकून न टाकता तपासणं हेच योग्य होतं.

तपासलं गेलं. वैश्विक किरणांमुळे पृथ्वीवर पडणारा न्यूट्रॉनचा मारा १९५०च्या दशकापासून सलग मोजला जातोय; तापमान झपाट्यानं वाढलं त्या काळात या किरणांत तशी सलग घट दिसत नाही. उलट २००९ मध्ये सूर्य इतका मंदावला होता की वैश्विक किरणांनी अंतराळयुगातला उच्चांक गाठला. सिद्धांताप्रमाणे ढग वाढून गारवा यायला हवा होता. २०१० हे तोवरच्या सर्वांत उष्ण वर्षांपैकी एक निघालं. दुसरीकडे जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत एका मोठ्या पोलादी टाकीत कृत्रिम हवा भरून तिच्यावर कणांचा झोत सोडण्याचा प्रयोग वर्षानुवर्षं चालला. किरणांमुळे बारीक कण तयार व्हायला मदत होते, हे त्यात दिसलं. पण आजच्या हवेत त्याचा ढगांवर होणारा परिणाम नगण्य आहे, हेही २०१६ मध्ये दिसलं. कल्पना मूर्खपणाची नव्हती. मोजमापात टिकली नाही, एवढंच.

आधी तापमान की आधी वायू?

या वादातला माझ्या मते सर्वांत धारदार प्रश्न हिमयुगांच्या बाजूनं येतो. त्यासाठी सर्बियाच्या मिलुटिन मिलांकोविच यांच्यापासून सुरुवात करू. पहिल्या महायुद्धात हा गणिती युद्धकैदी म्हणून बुडापेस्टमध्ये अडकला होता. तिथल्या ग्रंथालयात बसून त्यानं पृथ्वीच्या कक्षेचं गणित पुढे नेलं. पृथ्वीची कक्षा कमी-जास्त लांबट होते, त्याला सुमारे १ लाख वर्षं लागतात. अक्षाचा कल २२.१ ते २४.५ अंशांच्या दरम्यान झुलतो, ४१ हजार वर्षांत. अक्ष स्वतःही भोवऱ्यासारखा डुलतो, आणि त्याचा ऋतूंवरचा परिणाम साधारण २३ हजार वर्षांच्या चक्रात दिसतो. या तिघांच्या जुळणीवर उत्तरेकडच्या उन्हाळ्यात किती ऊन पडणार आणि बर्फ वितळणार की साचणार, हे ठरतं. १९७६ मध्ये समुद्रतळाच्या गाळातून ही चक्रं खरोखर सापडली आणि त्यांच्या गणितावर शिक्कामोर्तब झालं.

अंटार्क्टिकाच्या बर्फात खोल भोकं पाडून काढलेल्या गाभ्यांत जुन्या हवेचे बुडबुडे अडकलेले असतात. त्यातून ८ लाख वर्षांची हवा आपल्याला मिळाली. त्यात दिसतं की हिमयुग संपताना काही वेळा आधी अंटार्क्टिका तापू लागलं आणि मग कार्बन डायऑक्साइड वाढला. शंका घेणारे इथे जोरात टाळी वाजवतात: बघा, वायूमुळे तापमान नाही, तापमानामुळे वायू!

निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष अर्धा. हिमयुगातून बाहेर पडताना सुरुवात कक्षेनं केली. समुद्र तापला, तापलेल्या पाण्यात वायू कमी मावतो, म्हणून त्यानं कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडला. त्या वायूनं आणखी ऊब धरली, आणखी बर्फ वितळलं, आणखी वायू सुटला. कक्षेतला फरक एकटा घेतला तर एवढी मोठी तापमानवाढ होऊच शकत नाही. वायूची जोड दिल्यावरच आकडे जुळतात. म्हणजे तेव्हा वायू हा मागून येऊन जोर लावणारा होता. आता तो सुरुवातीलाच हजर आहे, कारण त्याला आपण जमिनीतून उकरून काढलाय.

आताही समुद्रच तापून वायू सोडत नसेल कशावरून? हे ओळखायला फार सोपी खूण आहे. समुद्र वायू सोडत असता तर त्यातला कार्बन कमी झाला असता. प्रत्यक्षात तो वाढतोय. समुद्राच्या पृष्ठभागाचा सामू, म्हणजे आम्लता दाखवणारा पीएच, औद्योगिक काळाआधी सुमारे ८.२ होता, आता ८.१ च्या आसपास आहे. आकडा छोटा दिसतो, पण सामूचं माप असं असतं की एवढ्या फरकात आम्लता पाव हिश्श्याहून जास्त वाढते. समुद्र आपला कार्बन गिळतोय.

वेगाचंही बघा. शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरापासून, म्हणजे सुमारे २० हजार वर्षांपूर्वीपासून, पृथ्वी ५-६ अंशांनी तापायला साधारण १० हजार वर्षं लागली. शंभर वर्षांना सरासरी अर्ध्या दशांश अंशाच्या जवळपास. आपण १ अंशाहून जास्त वाढ दीडशे वर्षांत पाहिली, त्यातली बहुतेक शेवटच्या ५० वर्षांत. आणि कक्षेचं चक्र सध्या कुठे आहे? ते पृथ्वीला हळूहळू गारव्याकडेच नेत होतं.

धूर कुणाचा?

हवाईतल्या मौना लोआ डोंगरावर चार्ल्स कीलिंग यांनी मार्च १९५८ पासून हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला घेतला. तेव्हा दशलक्ष भागांत ३१५ च्या आसपास होता. २०२४ ची सरासरी ४२४ च्या वर गेली. औद्योगिक काळाआधी तो सुमारे २८० होता, आणि बर्फातल्या ८ लाख वर्षांत ३०० च्या आसपासच त्याची कमाल मर्यादा दिसते.

ही भर ज्वालामुखींची असेल का? दख्खनचे ते लाव्हाचे थर पाहिलेल्या माणसाला हे सहज पटेल. पण आजचे जगभरचे ज्वालामुखी, जमिनीवरचे आणि समुद्राखालचे धरून, माणसाच्या उत्सर्जनाच्या एक-दीड टक्क्यापलीकडे जात नाहीत. माणूस नुसता कोळसा, तेल, वायू जाळून आणि सिमेंट बनवून वर्षाला ३७ अब्ज टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो. दख्खनच्या त्या महाकाय उद्रेकांनी लाखो वर्षांत जेवढा वायू सोडला, त्याची दर वर्षाची सरासरी काढली तर ती आपल्या आजच्या वार्षिक उत्सर्जनाच्या शंभराव्या भागाइतकीही भरत नाही. एकूण मालात आपण सह्याद्रीच्या ज्वालामुखींपुढे लहान आहोत, पण वेगात त्यांना केव्हाच मागे टाकलंय.

मोठा उद्रेक उलट थंडी आणतो, तीही काही काळच. जून १९९१ मध्ये फिलिपिन्समधला पिनाटुबो फुटला, गंधकाचा धूर उंच गेला आणि पुढच्या वर्षात जगाचं सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशानं उतरलं. अमेरिकेच्या नासातले जेम्स हॅन्सन यांच्या गटानं १९९२ च्या सुरुवातीलाच संगणकी प्रारूपावरून किती आणि किती दिवस गारवा राहील हे सांगून टाकलं होतं, आणि तसंच घडलं. प्रारूपांवर विश्वास का ठेवायचा, असं विचारणाऱ्याला मी हे उदाहरण देतो. घटना घडायच्या आधी छापलेला अंदाज होता तो.

आणखी एक आकडा नेहमी फिरतो: "हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी ९५ टक्के निसर्गाचा, माणसाचा जेमतेम ५ टक्के." आकडा चुकीचा नाही. झाडं, माती, समुद्र मिळून माणसाच्या वीसपट वायू सोडतात. पण ही जमाखर्चातली एकच बाजू झाली. तेच निसर्गघटक तेवढाच वायू परत घेतात, किंबहुना आता थोडा जास्तच. आपण सोडतो त्यातला अर्ध्याहून जास्त तेच शोषून घेतात, उरलेला हवेत साचतो. साठा वाढतोय तो आपल्या भरीपेक्षा कमी. याचा अर्थ निसर्ग या हिशेबात देणारा नसून घेणारा आहे.

वायूवर मालकाचं नाव नसतं हे खरं, पण मूळ गाव ओळखता येतं. कार्बनचा एक किरणोत्सारी प्रकार असतो, कार्बन-१४. तो ५,७३० वर्षांत निम्मा होतो. कोट्यवधी वर्षं जमिनीत गाडलेल्या कोळशात आणि तेलात तो शिल्लकच नसतो. कोळशाचा धूर हवेत मिसळला की हवेतल्या कार्बन-१४ चं प्रमाण पातळ व्हायला हवं. हान्स सुएस यांनी १९५०च्या दशकात झाडांच्या लाकडात हीच घट पकडली. कार्बन-१३ हा दुसरा प्रकार. वनस्पतींना तो कमी आवडतो, म्हणून वनस्पतींपासून झालेल्या इंधनात तो कमी असतो, आणि हवेतलं त्याचं प्रमाणही घसरतंय. ज्वालामुखीच्या वायूत तो इतका कमी नसतो, म्हणजे ज्वालामुखी इथेही बाद. शिवाय हवेतला ऑक्सिजन अगदी किंचित पण सातत्यानं कमी होतोय. श्वासाला त्यानं काही बिघडत नाही. पण ज्वलन चाललंय, याची ती पावती आहे.

हा वायूच तापवतोय, हे ओळखायची जागा जमिनीवर नाही, १५-२० किलोमीटर वर आणि त्याहूनही उंच, वातावरणाच्या स्थितांबर नावाच्या थरात आहे. सूर्य जास्त तापला असता तर खालची हवा तापली असती आणि वरचीही. वायूंचं पांघरूण जाड झालं तर मात्र आत ऊब वाढते आणि बाहेरचा भाग गार राहतो. स्थितांबरात कार्बन डायऑक्साइड वाढला की तो तिथली उष्णता अवकाशात टाकतो, म्हणून तो थर थंड व्हायला हवा. स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांनी १९६७ मध्ये हे भाकीत केलं, ते मोजायचे उपग्रह वर जायच्या बऱ्याच आधी. उपग्रहांनी नंतर नेमकं तेच दाखवलं: खालची हवा तापतेय, वरची थंड होतेय. स्थितांबराच्या खालच्या भागातल्या गारव्यात ओझोनच्या नुकसानीचाही वाटा आहे, पण जसजसं वर जावं तसा कार्बन डायऑक्साइडचा ठसा स्पष्ट होतो. मानाबे यांना २०२१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यात वाटेकरी होते क्लाउस हासेलमान, ज्यांनी नैसर्गिक चढउतारांच्या गोंधळातून मानवी ठसा वेगळा काढायची गणिती पद्धत बसवली.

मग वाद उरतो कुठे?

बरंच आहे वाद घालण्यासारखं, आणि घातला गेलाही. आयपीसीसी, म्हणजे हवामानबदलाच्या संशोधनाचा आढावा घेणारी संयुक्त राष्ट्रांची समिती; तिच्या अहवालांची भाषा पाहिली तर हा प्रवास दिसतो. १९९० मध्ये त्यांनी म्हटलं होतं की झालेली वाढ नैसर्गिक चढउतारांच्या मर्यादेतलीही असू शकेल. १९९५ मध्ये मानवी प्रभाव "जाणवतो" इतपत. २००१ मध्ये ६६ टक्के खात्री, २००७ मध्ये ९०, २०१३ मध्ये ९५. २०२१ मध्ये प्रथमच निःसंदिग्ध शब्द आले: २०१०-१९ या दशकापर्यंतच्या वाढीत माणसाचा वाटा सुमारे १.०७ अंश, आणि सूर्य-ज्वालामुखींचा फार तर एक दशांश अंश, तोही अधिक की उणे हे न ठरणारा. आधीच ठरवून बसलेल्यांना एवढी तीस वर्षं लागत नाहीत.

चुकाही झाल्या. २००७ च्या अहवालात हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होतील असं धडधडीत चुकीचं विधान घुसलं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले व्ही. के. रैना यांनी २००९ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयासाठी लिहिलेल्या टिपणात हिमनद्यांबद्दल वेगळा सूर लावला, बरीच वादावादी झाली आणि जानेवारी २०१० मध्ये आयपीसीसीला ते विधान मागे घ्यावं लागलं. हिमनद्या आटताहेत हे खरंच. पण तो वेग, ती तारीख चूक होती.

अमेरिकेतले भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड म्युलर यांचा मूळ नोंदींवरच विश्वास नव्हता. तापमापकांच्या भोवती शहरं वाढली, डांबर आलं, म्हणून आकडे फुगले असतील, ही त्यांची शंका. आपल्याकडेही हीच शंका ऐकू येते आणि पुण्या-नागपुरात वीस वर्षं राहिलेल्या माणसाला ती चटकन पटते. शहरं स्वतःची वेगळी उष्णता धरतात हे खोटं नाहीच. म्युलर यांनी स्वतंत्र गट उभारून सगळ्या नोंदी नव्यानं तपासल्या. २०१२ मध्ये त्यांनी जाहीर केलं की वाढ खरी आहे, शहरांमुळे आकडा फारसा बदलत नाही, आणि ही वाढ जवळपास सगळी माणसामुळे आहे. तसंही, साचलेल्या जादा उष्णतेचा ९० टक्क्यांहून अधिक भाग समुद्रात गेलाय, आणि तिथे डांबरी रस्ते नाहीत.

खरी अनिश्चितता आपल्या अंगणात आहे. २०२० मध्ये पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी भारतापुरता अहवाल तयार केला. त्यानुसार १९०१ ते २०१८ या काळात देशाचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशानं वाढलं. जगाच्या सरासरीपेक्षा हे कमी. याचं एक मोठं कारण म्हणजे आपल्याकडचा धूर आणि धूळ. वीजकेंद्रांचा गंधकयुक्त धूर, चुलींचा धूर, शेतात जाळलेली धसकटं, हे सारं हवेत तरंगत राहून ऊन अडवतं. म्हणजे माणसाच्या एका उपद्व्यापानं दुसऱ्याचा परिणाम काही प्रमाणात झाकून ठेवलाय. त्याच अहवालात १९५१ ते २०१५ मध्ये मोसमी पाऊस साधारण ६ टक्क्यांनी घटल्याचं आणि ही घट गंगेच्या खोऱ्याप्रमाणे पश्चिम घाटातही ठळक असल्याचं म्हटलंय, आणि तिच्यामागेही या कणांचा हात मानला जातो. हवा स्वच्छ झाली, आणि ती व्हायलाच हवी, तर झाकलेली ऊब किती वर येईल? कोकणातला पाऊस कुठल्या बाजूला झुकेल? ढग नेमके कसे वागतील? इथे शास्त्रज्ञांत मतभेद आहेत, आणि ते सूर्य-की-माणूस या जुन्या भांडणापेक्षा आपल्या कितीतरी जास्त उपयोगाचे आहेत.

दुसरा उघडा वाद विज्ञानाचा नाही. "मानवनिर्मित" म्हणताना कुठला मानव? १९९१ मध्येच दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटचे अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी हा प्रश्न विचारला होता. भाताच्या खाचरातून आणि गोठ्यातून निघणारा मिथेन आणि श्रीमंत देशांतल्या गाड्यांचा धूर एकाच तराजूत तोलायचा का, असं त्यांचं म्हणणं होतं. आज भारतात दरडोई सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइड निघतो, अमेरिकेत त्याच्या सातपट. आजवर हवेत गेलेल्या इंधनाच्या कार्बनमध्ये अमेरिकेचा वाटा जवळपास पाव आहे, भारताचा ४ टक्क्यांच्या आत. पण सध्याच्या वार्षिक उत्सर्जनात चीन आणि अमेरिकेनंतर तिसरा क्रमांक आपला लागतो, आणि दर हवामान परिषदेत घासाघीस होते ती यातला कुठला आकडा धरायचा यावरून.